पलीकडच्याला बोंजूर

शनवारा, बुऱ्हाणपूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. सोजरजिजीस,
वसंताचा साष्टांग नमस्कार.

खटक-खट, खटक-खट. आठवतो का गं तुला तो आवाज? आमच्या चौथीच्या वर्गाच्या भिंतीला लागून विणकरांचे माग होते. गुरुजी कविता सांगू लागले की पलीकडून मागांनी ठेका धरलाच. चाळीस पोरांचा आवाज, मध्ये चुन्याची भिंत आणि त्या भिंतीतून येणारी ती खटखट. आज पहाटे जाग आली ती त्याच आवाजाने. माग तर कधीचे बंद पडले. उठून पाहिलं, तर स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं. पण तोवर माझी अख्खी नदीची कविता म्हणून झाली होती.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. बातमी मोठी आहे. वैजयंतीने पुण्याहून माझं नाव युरोपच्या सहलीत घातलं. मे महिन्यात निघायचं: पॅरिस, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि शेवटी इटली. मी म्हणालो, "बेटा, चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी तिकडे काय करू?" तर म्हणते, "बाबा, फोटो काढा." फोटो काय काढायचे! जिजी, आपण कुणाच्या दारी गेलो तर आधी त्याच्या भाषेत त्याला हाक घालावी, ही रीत. छत्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवली, आता मी विद्यार्थी झालो. त्या त्या देशाचा नमस्कार पाठ करतो आहे. आणि आपल्याला कवितेवाचून काय पाठ होतं? म्हणून ओव्याच रचल्या:

पॅरिसात म्हणावे बोंजूर । इटलीत बोंजोर्नोचा सूर ।
जर्मन दिसता जरी दूर । गुटेन टाग म्हणावे ॥

स्वित्झर्लंडी उंच गिरी । ग्रूएत्सी ही बोली खरी ।
ऑस्ट्रियाच्या नगरद्वारी । ग्रूस गोट बोलावे ॥

रोज सकाळी अंघोळीनंतर मोठ्याने म्हणतो. पलीकडच्याला त्रास होत असेल तर होवो.

तुझा
वसंत


खकनार
२१ फेब्रुवारी

चि. वसंतास सोजरबाईचे अनेक आशीर्वाद.

नातसून अमृता लिहून राहिली, मी बोलून राहिले. तिला सांगितलं, मी बोलीन तसंच लिही, सुधरवू नको.

तुझं पत्र भेटलं. ओव्या चांगल्या आहेत. जात्यावर म्हणायच्या कामाच्या नाहीत, पण ठीक.

आता माझं ऐक. "पलीकडचा, पलीकडचा" काय लावलं रे? त्याला नाव नाही का? अरविंद म्हण. दादा म्हण. सख्खा मोठा भाऊ आहे तुझा, अन् मी तुम्हा दोघांची मोठी बहीण. एक ओटा, एक भिंत, दोन दारं, अन् आठ-नऊ वर्षं अबोला! शाळेच्या शंभरीच्या कार्यक्रमात तू नदीची कविता म्हटली, तो मधातच उठून म्हणाला, चाल चुकली. बस, इतकीच गोष्ट. मी तवाच सांगितलं होतं, आता पुन्हा सांगते. तुझ्या वर्गामागं माग होते, म्हणून तुझी चाल पळती. त्याच्या वर्गामागं मैदान, तिथं बकऱ्या चरत, म्हणून त्याची चाल संथ. दोघंही बरोबर. दोघंही गाढव.

अन् तुला एक माहीत नसेल. अरविंद पावसाळ्याआधी सुरतेला चालला, पोराकडे, विपुलकडे. कायमचा. त्याच्या हिश्शाला कुलूप लागणार. मंगला गेल्यापासून तू एकटा, आता भिंतीपल्याडही कोणी नसेल. गोऱ्या लोकांना त्यांच्या भाषेत हाका घालायच्या सोड, आधी शेजारच्या दारात हाक घाल. दूरच्या गावी जाताना मोठ्यांना वाकून "येतो" म्हणावं लागते, हे तू शाळेत पोरांना शिकवलं की नाही?

तुझी
सोजरजिजी

(वसंतआजोबा, मी अमृता. आजीने "गाढव" दोन वेळा म्हटलं होतं, मी एकच बार लिहिलं. मला पण शिकवा ना ते बोंजूर! चंदन म्हणतात, केळीच्या व्यापाऱ्यांना म्हणून पाहतो, भाव तरी चांगला देतील.)


शनवारा
१४ एप्रिल

ती. जिजीस साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण अभ्यास. आता ओव्या इतक्या मुरल्या आहेत की झोपेतही येतील. एक अडचण मात्र ध्यानात आली. इतवाऱ्याच्या बाजारात भाजी घेताना सराव म्हणून ठरवलं, या भाजीवालीला स्विस समजायचं. तर मला थेट "ग्रूएत्सी" काही येईना. पॅरिसपासून सुरुवात करून पहिली ओवी संपवली, उंच गिरी चढलो, तेव्हा कुठे ग्रूएत्सी तोंडात आलं. तोवर तिने दोन गिऱ्हाइकं उरकली होती. म्हणाली, "गुरुजी, मंत्र पूरा हो गया हो तो गिलकी तौल दूँ?" काय करणार, पाठांतर असंच असतं. पाढा मधूनच म्हणता येतो का कुणाला?

त्या दुसऱ्या विषयाबद्दल. सुरतेचं कळलं. त्याचं त्याला लखलाभ. जिजी, तू "इतकीच गोष्ट" म्हणतेस. भरल्या मांडवात, दोनशे माणसांसमोर, जिल्ह्याचे अधिकारी बसलेले, आणि सख्ख्या भावाने उठून म्हणावं, "चाल चुकली"? मी तिथेच थांबलो आणि खाली उतरलो. दोन कडवी राहिलीच, त्या मांडवातली नदी आजही समुद्राला मिळालेली नाही. मी बोलणार नाही असं नाही. त्याने आधी बोलावं, एवढंच माझं म्हणणं. मोठा तो आहे.

आणि "येतो" म्हणण्याचं म्हणशील, तर मी आधी पुण्याला वैजयंतीकडे जाणार, तिथून मुंबई. पुण्याला जाताना कुणी वाकत नाही.

काळजी वेगळीच आहे. एकट्या माणसाला सहलीत खोली वाटून घ्यावी लागते. कंपनी कुणाला तरी जोडीला देणार. घोरणारा निघाला तर? राजकारणावर बोलणारा निघाला तर?

तुझा
वसंत


खकनार
२७ एप्रिल

चि. वसंतास आशीर्वाद.

खोलीत कोण येते त्याची काळजी करू नको. कंपनीवाले सोयीचा माणूस पाहतात म्हणे. अमृताने फोनवर पुसलं. कोणाला पुसलं ते लिहू नको म्हटलं तिला.

घोरत असला तर उशी मार.

थंडीचे कपडे घे. अन् गरम पाण्याची पिशवी.

सोजरजिजी

(आजी आज फार खूश आहेत. वजह मला माहीत आहे, पण मी काही बोलणार नाही. हॅपी जर्नी! अमृता)


लुसर्न, स्वित्झर्लंड
१९ मे

जिजी,

नमस्कार घालत नाही, कारण तुझा राग आला आहे. हे पत्र मी घरी पोचल्यावरच तुला मिळेल बहुतेक, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मुंबईच्या विमानतळावर आम्हाला सगळ्यांना लाल टोप्या वाटल्या. लाल टोप्यांच्या त्या रांगेत एक टोपी ओळखीच्या पद्धतीने, डाव्या कानावर कललेली दिसली. वळून पाहिलं तर पलीकडचा! इथेही पलीकडचा! त्याला विपुलने पाठवलं, सुरतेला जाण्याआधी जग पाहून या म्हणून. त्यालाही काही माहीत नव्हतं. त्याचा चेहरा मी पाहिला ना. आमचा सहल-व्यवस्थापक श्रीकांत नावाचा तरतरीत मुलगा आहे. यादी वाचून म्हणतो, "अरे वा, दोघंही बुऱ्हाणपूरचे! म्हणूनच एक खोली दिली." वैजयंतीला फोन केला, तर ती हसते आहे. म्हणाली, "बाबा, मोठी माणसं सांगतात तसं आम्ही करतो." मोठं माणूस म्हणजे कोण, ते मी ओळखलं.

पॅरिसची पहिली रात्र. दोन खाटा, त्याही जोडून. तो भिंतीकडे तोंड करून झोपला, मी खिडकीकडे. (घोरत नाही. लहानपणी घोरायचा.) सकाळी तो अंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आला, मी चष्मा शोधत होतो. जिजी, त्याने माझ्याकडे न पाहता, आरशाकडे पाहून म्हटलं:

"बोंजूर."

संथ चालीत. त्याच्या त्या मैदानातल्या चालीत. मग माझ्या लक्षात आलं, तीन महिने मी भिंतीच्या अलीकडे ओव्या म्हणत होतो, आणि हा पलीकडे ऐकून ऐकून पाठ करत होता!

मी विचार केला. आमचा अबोला आहे तो मराठीतला. फ्रेंचमध्ये आमचं काही भांडण नाही. मीही म्हणालो, "बोंजूर."

तेव्हापासून नियमच पडला. ज्या देशात असू, त्या देशाचा शब्द. सीमा ओलांडली की तोही बदलायचा. जर्मनीत मी चष्मा हॉटेलात विसरलो, हा बसमध्ये येऊन माझ्या मांडीवर ठेवतो आणि म्हणतो, "गुटेन टाग." मी म्हणतो, "गुटेन टाग." ऱ्हाइन नदीवर बोटीत गार वारा सुटला, मला खोकला लागला. याने स्वतःचा मफलर काढला, माझ्या गळ्यात दोन वेढे दिले, गाठ मारली, "गुटेन टाग!" अगदी दटावून. लहानपणी तापीवर पोहून आलो की असाच डोकं पुसायचा. मी म्हणालो, "गुटेन टाग," पण माझा आवाज जरा भरून आला. खोकल्यामुळे.

भुसावळचं एक जोडपं बसमध्ये आहे. त्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, किती शिकलेले भाऊ आहेत! मराठी बोलतच नाहीत." श्रीकांतने विचारलं, "काका, तुम्ही आपसात मराठी का नाही बोलत?" मी सांगितलं, "सराव ठेवतो आहोत."

गोऱ्या माणसांशी म्हणशील तर बोलणं असं झालंच नाही. सगळीकडे आपलीच बस, आपलाच वरण-भात. इथल्या हॉटेलच्या मुलीशी एकदा गाठ पडली. मी हात जोडून पॅरिसपासून सुरुवात केली. ती बिचारी थांबून राहिली. माझी प्रार्थना चालली आहे असं वाटून तिने शेजारच्या बाईला गप्प राहायला खुणावलं. ग्रूएत्सीपाशी पोचलो तेव्हा तिने मान लववली आणि म्हणाली, "नमस्ते जी." तेवढ्यात माझ्या मागून दादाने एका दमात, थेट, "ग्रूएत्सी!" त्याला मधूनही येतं! कसं येतं, कोण जाणे.

दादा लिहिलं गेलं. राहू दे.

वसंत


खकनार
११ जून

चि. वसंतास अनेक आशीर्वाद.

तुझं परदेशाचं पत्र पोचलं. अमृताने कानात तीन बार वाचून दाखवलं. गुटेन टागच्या जागी मी इतकी हसले की चंदन शेतातून धावत आला, आजीला काही झालं का म्हणून.

राग काढ माझ्यावर, मी बसलेच आहे. विपुलला अन् वैजयंतीला मीच अमृताकडून सांगवलं. चूक काय केली? देवाने भिंत काढली नसती, हॉटेलवाल्याने काढली.

पण आता सांग. घरी येऊन पंधरा दिवस झाले. विपुल फोनवर अमृताला म्हणाला की बाबा गप्प गप्प आहेत, सामान बांधून राहिले. बोलला का तू? मराठीत? तुमचं ते गुटेन टाग इथं चालत नाही. इथं सीधं बोलावं लागते.

मले डॉक्टरने गाडीत बसू नको म्हटलं, कंबर गेली माझी. नाहीतर कान धरून दोघांना ओट्यावर उभं केलं असतं.

सोजरजिजी

(आजोबा, प्लीज बोला ना. पत्र लिहून झाल्यावर आजी रडल्या. हसता हसता रडल्या, पण रडल्याच. अमृता)


शनवारा
१७ जून

ती. जिजीस साष्टांग नमस्कार.

तू विचारतेस, बोललास का. सगळं खरं लिहितो.

रोममध्ये शेवटच्या सकाळी आम्ही एकमेकांना चार वेळा बोंजोर्नो म्हटलं. एकदा उठल्यावर, एकदा चहाला. एकदा मी त्याची बॅग बंद करून दिली तेव्हा. आणि एकदा उगीच. मग विमान. मुंबईला उतरलो. सामानाच्या पट्ट्यापाशी उभे होतो. त्याची बॅग आली, मी ओढून काढली. त्याने तोंड उघडलं. आणि मिटलं. मीही उघडलं आणि मिटलं. जिजी, कोणत्या भाषेत बोलायचं? नियम आम्हीच केला होता, ज्या देशात असू त्या देशाचा शब्द. या देशाचा शब्द म्हणजे मराठी, आणि मराठीत अबोला. मुंबईहून बुऱ्हाणपूरपर्यंत समोरासमोरच्या बाकांवर बसून आलो. भुसावळला त्याने दोन चहा घेतले, एक माझ्यासमोर ठेवला. कप ठेवल्याचा आवाज तेवढा झाला. मी मान हलवली. स्टेशनवर उतरून दोन रिक्षा केल्या. एकाच ओट्याला दोन रिक्षा लागल्या, गल्लीतल्या बायका पाहत होत्या.

तेव्हापासून असंच. मी सकाळी ओव्या म्हणणं बंद केलं. उगीच नाही, पण म्हटल्या तर त्याला वाटायचं मी त्याच्यासाठी म्हणतो. भिंतीपलीकडून पेट्या ओढल्याचा, खिळे ठोकल्याचा आवाज येतो. काल रात्री त्याच्याकडचा दिवा मालवेपर्यंत ऐकत होतो.

आज टेम्पो आला आहे. हे लिहितो आहे तेव्हा बाहेर गल्लीत उभा आहे. विपुल सामान चढवतो आहे. पलंग गेला. शिलाईची मशीन गेली. आईच्या वेळचं लाकडी कपाट दोघातिघांनी धरून नेलं, ते दारात अडकलं होतं, मी खिडकीतून पाहिलं. जरा तिरपं केलं असतं तर निघालं असतं. मी सांगणार होतो.

तू म्हणशील, जा ना मग बाहेर! जिजी, विचार कर. जाणारा "येतो" म्हणतो, राहणारा "या" म्हणतो. हीच रीत ना? मी आधी "या" म्हणून बसलो आणि तो "येतो" म्हणालाच नाही, तर? भरल्या गल्लीत? एकदा झालं तेवढं पुरे. मी इथे मेजापाशी बसलो आहे, दार उघडं ठेवलं आहे. त्याला दोन पावलं टाकायची आहेत. येईल. नाही आला तर त्याची मर्जी. सदरा मात्र इस्त्रीचा घातला आहे.

आता शेवटची पेटी गेली बहुतेक. विपुल "बाबा, चला" म्हणतो आहे. कुलपाचा आवाज झाला.

ओट्यावर पावलं वाजली. माझ्याच दाराकडे येताहेत. जिजी, तो आला. मी "या" म्हणणार. दुसरं काही नाही, नुसतं "या". थांब.


ता. क.

अमृता बेटा, आता हे पत्र तुलाच. जिजीला धाडायची गरज उरली नाही.

तो नव्हता. दारात तुझी आजी उभी! चंदनच्या पिकअपमध्ये, केळीच्या घडांमध्ये गादी टाकून आली म्हणे. डॉक्टरचं कुणी ऐकलं नाही, तूही नाही. एक हात चंदनच्या खांद्यावर, दुसऱ्यात काठी, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि केस केळीच्या चिकाने चिकटलेले. तिला स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळे ती बोलते ते अख्ख्या शनवाऱ्याला ऐकू जातं.

"वसंता! अरविंदा! पाय लागायला कोणी आहे का या घरात, की मीच वाकू तुमच्यासमोर?"

टेम्पोचं दार धाडकन उघडल्याचा आवाज झाला. मी उंबरठ्यातून पुढे झालो, तो ओट्याच्या पायऱ्या चढून आला. दोघेही घाईत होतो. म्हातारी मधोमध उभी, पावलं जुळवून, मुद्दामच जुळवून. मी डावीकडून वाकलो, तो उजवीकडून वाकला, आणि तिच्या पायांवर आमची डोकी अशी आपटली की चंदन म्हणाला, "अरे बाप रे!"

दादा कपाळ धरून उभा राहिला. गल्ली सगळी पाहत होती. विपुल, टेम्पोवाला, समोरच्या बायका. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडाला आलं ते बोलला:

"आंधळा आहेस का रे, वश्या? मोठ्या माणसाला आधी वाकू द्यावं, एवढी अक्कल नाही?"

मी म्हणालो, "आंधळा तू! मीच आधी वाकलो होतो!"